प्रवाह, उपसा आणि मोजदाद : तिरुवैयारुच्या संदर्भात ऊर्जाकार्यक्षमतेचा विचार

१. शब्द आणि संकल्पना

आर्थिक वाढ आणि ऊर्जेचा वापर ही दोन्ही एकमेकांबरोबरच चढत जातात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. एखाद्या देशाने किती कोळसा जाळला, किती वीज निर्माण केली, यावरून त्याची प्रगती मोजली जाई. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या आणि या समजाला पहिला मोठा धक्का बसला. ज्या वाढीचा आधार बाहेरून विकत घ्यावा लागतो, ती वाढ दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हे त्या वेळी अनेक राष्ट्रांच्या ध्यानात आले. ‘ऊर्जाकार्यक्षमता’ ही संज्ञा अर्थशास्त्राच्या आणि राज्यकारभाराच्या भाषेत स्थिरावली ती त्यानंतरच.

मराठीत या संज्ञेच्या शेजारी दोन जुने शब्द उभे आहेत : काटकसर आणि बचत. तिन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. काटकसर म्हणजे गरज आवरणे. बचत म्हणजे आजचे काही उद्यासाठी राखून ठेवणे. कार्यक्षमता म्हणजे गरज तेवढीच पुरवून तिच्यासाठी लागणारे इंधन, वीज वा श्रम कमी करणे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण काटकसरीची आहे आणि ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही बचतीची. कार्यक्षमतेला नेमकी लागू पडेल अशी म्हण मराठीत सहजी आठवत नाही. तमिळमध्ये मात्र तिच्या अगदी जवळ जाणारी एक म्हण आहे : ‘आट्रिले पोट्टालुम् अळंदु पोडु’, म्हणजे नदीत टाकायचे असले तरी मोजून टाक. ही म्हण टाकण्यास मनाई करीत नाही आणि साठवण्याचा आग्रहही धरीत नाही. तिचे म्हणणे एवढेच की, माप सुटता कामा नये.

मोजमाप सुटले की कार्यक्षमता टिकत नाही, आणि कार्यक्षमता टिकली नाही की वाढीचे स्थैर्यही जाते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपाद्य आहे. त्याच्या विवेचनासाठी तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु हे स्थान निवडले आहे. प्रवाही सिंचन, श्रमाने होणारा उपसा आणि विजेचा पंप या पाणी देण्याच्या तिन्ही पद्धती कावेरीच्या खोऱ्यात एकापाठोपाठ वा एकत्र नांदल्या आहेत. तमिळ, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषांच्या वाङ्मयेतिहासाशीही या स्थानाचा संबंध आहे.

२. पंचनदाचा उतार

तिरुवैयारु या नावाचा अर्थ ‘पवित्र पाच नद्यांचे स्थान’ असा होतो. संस्कृतात त्याला पंचनद म्हणतात. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु या त्या पाच नद्या होत. एका नदीचे असे अनेक प्रवाह होणे हे त्रिभुज प्रदेशाचे लक्षण आहे. जमिनीला समुद्राकडे हलका उतार असतो. त्या उताराला अनुसरून पाणी मुख्य प्रवाहातून शाखेत, शाखेतून कालव्यात आणि कालव्यातून खाचरात आपल्या वजनानेच जाते. त्याला उचलावे लागत नाही. ऊर्जेच्या हिशेबात याचा अर्थ असा की, या प्रदेशातील भातशेतीला पाणी देण्याचा ऊर्जाखर्च कित्येक शतके जवळजवळ शून्य होता.

मात्र हा उतार पूर्णपणे निसर्गदत्त नव्हता. तो सांभाळावा लागत होता. श्रीरंगमच्या वर, मुक्कोम्बु येथे, कावेरीतून कोळ्ळिडम ही शाखा फुटते. कोळ्ळिडमचे पात्र अधिक खोल आणि तिचा उतार अधिक, त्यामुळे पाणी तिकडेच धाव घेते. पुढे श्रीरंगमच्या खाली दोन्ही पात्रे पुन्हा जवळ येतात. तेथे कावेरीचे पाणी कोळ्ळिडममध्ये निसटू नये म्हणून परंपरेने करिकाल चोळाच्या नावावर असलेला कल्लणै हा दगडी बांध घातलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचे मुख गाळाने भरत चालले आणि तंजावरकडील पाणी घटू लागले. तेव्हा आर्थर कॉटन याने १८३६ मध्ये मुक्कोम्बु येथे कोळ्ळिडमवर बंधारा बांधण्यास प्रारंभ केला आणि पाणी पुन्हा कावेरीकडे वळवले. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पुरे झाले. तेव्हापासून १२ जून ही कुरुवै हंगामासाठी धरणाचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख ठरली. कल्लणै, कॉटनचा बंधारा आणि मेट्टूर या तिन्ही कामांचे सूत्र एकच आहे. पाणी उचलण्यावर शक्ती खर्च करण्याऐवजी एकदाच विचारपूर्वक बांधकाम करायचे आणि उताराला आपले काम करू द्यायचे.

या रचनेची दुसरी बाजू सामाजिक होती. कालव्यांतील गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे, मडै म्हणजे पाणी सोडण्याची दारे राखणे ही कामे गावकऱ्यांच्या श्रमातून होत. त्या रिवाजाला ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. शब्दाचा पूर्वार्ध तमिळ आहे : कुडि म्हणजे रयत. उत्तरार्ध अरबीतून आलेला ‘मरामत’ आहे आणि तो मराठी दप्तरालाही परिचित आहे. महाराष्ट्रात याच्याशी ताडून पाहता येईल अशी पद्धत म्हणजे धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत. तेथेही नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालील जमिनीचे फड आणि एका फडात एक पीक अशी योजना असे. पाणी वाटण्यासाठी पाटकरी नेमला जाई आणि पाटाच्या डागडुजीचा भार लाभधारकांवर पडे. या दोन प्रदेशांचा पाऊस, माती, पिके आणि समाजरचना यांत मोठे अंतर आहे. तरीही उताराचा फायदा हवा असेल तर डागडुजीचे श्रम टळत नाहीत, हा अनुभव दोहोंनी घेतला.

तंजावरच्या भोसले घराण्याचा कारभार या व्यवस्थेच्या उत्पन्नावर उभा होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजींनी तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये घराण्याची सत्ता संपली. या काळात तेथे मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत वाङ्मयाला जो आश्रय मिळाला, त्याचा भौतिक पाया भाताच्या शिलकीचा होता. शहाजी राजांची नाटके, सरफोजी दुसरे यांनी वाढवलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आणि छत्रांतील अन्नदान यांमागे कालव्याचे पाणी होते. संत त्यागराज (१७६७–१८४७) यांचे आयुष्य याच राजवटीच्या काळात तिरुवैयारु येथे गेले. त्यांनी तेलुगूत रचना केली आणि उंछवृत्तीने, म्हणजे दारोदार भजन करीत मिळालेल्या धान्यावर, निर्वाह केला. त्यांच्या अपरिग्रहाचे गुणगान योग्यच आहे. परंतु गावातील घराघरांत मूठभर तांदूळ सहज देता येण्याइतकी शिलक होती, हेही विसरता येत नाही. एका व्यक्तीच्या निरिच्छतेला समाजाच्या स्थिर उत्पन्नाचा आधार होता.

हे स्थैर्य अभंग होते असे मात्र नाही. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने तंजावर प्रांत उद्ध्वस्त झाला आणि ‘हैदर काळ’ लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिला. राखणारे हात पांगले की उतार आपोआप काम करीत नाही. अल्प ऊर्जेवर चालणारी व्यवस्था ही अल्प देखरेखीवर चालणारी व्यवस्था नसते.

३. उपशाचे वाङ्मय

नदीपासून दूर, उंचावरच्या जमिनीला पाणी उचलूनच द्यावे लागे. तमिळ प्रदेशात त्यासाठी एट्रम् हे तुळईसारखे उपसायंत्र आणि कवलै ही बैलांची मोट होती. महाराष्ट्रात मोट सर्वपरिचित आहे. ‘कवलै’ या शब्दाचा तमिळमध्ये दुसरा अर्थ ‘चिंता’ असा आहे. हे दोन शब्द मुळात एक आहेत असे मानण्याचे कारण नाही. तरी उपशावर जगणाऱ्या शेतकऱ्याला हा योगायोग अर्थपूर्ण वाटल्यास नवल नाही.

एट्रम् चालवताना गायिली जाणारी ‘एट्रप्पाट्टु’ ही गीते तमिळ लोकवाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकार आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत उपशांची संख्या गुंफलेली असते. गाणे पुढे सरकते तसा आकडा वाढतो. श्रम हलके होतात आणि त्याच वेळी किती पाणी काढले याची नोंदही होते. मराठीतही मोटेवरची गाणी आहेत. सावता माळी यांच्या अभंगांत मोट, विहीर आणि दोर ही मळ्यातील साधने भक्तीचा विषय होतात, आणि बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांतही मोट येते. उपसा करणाऱ्याच्या अंगाला प्रत्येक खेपेचा भार कळत होता, म्हणून त्याला माप सांगावे लागत नव्हते.

प्रवाही पाण्याने वेगळे वाङ्मय निर्माण केले. ‘शिलप्पदिकारम्’मधील कावेरीची गीते, अप्पर आणि संबंदर यांची तिरुवैयारुच्या शिवस्थानावरील तेवारम् पदे आणि त्यागराजांच्या कावेरी व पंचनदक्षेत्र यांचे वर्णन करणाऱ्या कृती ही त्याची उदाहरणे होत. येथे पाणी मोजले जात नाही. त्याची स्तुती केली जाते. प्रवाहाला स्तोत्र आणि उपशाला श्रमगीत, अशी ही सर्वसाधारण वाटणी दिसते. विजेच्या पंपाने मात्र यांपैकी कशाचीही जागा भरून काढली नाही. कळ दाबली की पाणी येते. अंगाला भार कळत नाही आणि पुढे मीटरही नसल्यामुळे डोळ्यालाही आकडा दिसत नाही. एट्रप्पाट्टूने जे माप राखले होते, ते पंपाच्या काळात हरवले.

४. पंपाचे गणित

या हरवलेल्या मापाचे परिणाम साध्या गणिताने दाखवता येतील. समजा, एक हेक्टर भाताला हंगामात १,२०० मिलिमीटर पाणी पंपाने द्यायचे आहे. हे पाणी १२,००० घनमीटर भरते. ते १० मीटर खोलीवरून उचलण्यास भौतिकशास्त्राच्या नियमाने किमान ३२७ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि नळ यांची मिळून कार्यक्षमता ३० टक्के असेल तर प्रत्यक्ष खर्च सुमारे १,०९० युनिट होईल. चांगला पंप, योग्य आकाराचा नळ आणि नीट बसवलेला फुटव्हॉल्व्ह यांच्या साहाय्याने ती ६० टक्क्यांवर नेली, तर ५४५ युनिटांत तेच काम होईल. निम्मी वीज वाचली.

आता पाण्याची पातळी १० मीटरांवरून २० मीटरांवर गेली असे धरू. ६० टक्के कार्यक्षमतेच्या त्याच उत्तम पंपाला पुन्हा १,०९० युनिट लागतील. यंत्राने मिळवलेले सर्व विहिरीच्या तळाशी गमावले. पंप सुधारला म्हणून स्वस्त वाटणारे पाणी अधिक उपसले गेले आणि त्यामुळेच पातळी खाली गेली असेल, तर कार्यक्षमतेनेच स्वतःचा लाभ खाऊन टाकला असे म्हणावे लागेल. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ब्रिटनमधील कोळशाच्या संदर्भात हेच निरीक्षण मांडले होते : वाफेचे इंजिन काटकसरी झाले की इंजिनांची संख्या वाढते आणि कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढतो.

तामिळनाडूत शेतीपंपांना मोफत वीज देण्याचे धोरण १९९० पासून सर्व शेतकऱ्यांना लागू आहे. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली आणि २०२४ मध्ये ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना आली. या धोरणांमागील न्यायाची बाजू दुर्लक्षिता येणार नाही. कालव्याच्या शेतकऱ्याला उताराचे पाणी नाममात्र दरात मिळते. कोरडवाहू भागातील शेतकऱ्याने मात्र प्रत्येक थेंब विकत घ्यावा, हे समर्थनीय नाही. अडचण सवलतीत नाही. अडचण अशी की, सवलतीबरोबर मोजमापही गेले. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने ठरतो आणि वितरणातील गळती व चोरी शेतीच्या नावावर दाखवता येते. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील या आकड्यांच्या विश्वसनीयतेवर प्रश्न उपस्थित केले, ते याच कारणाने. जो खर्च शेतकऱ्याने केलाच नाही, त्याचा ठपका त्याच्यावर येत होता.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागात शेतीपंप बदलण्याचा देशातील पहिला प्रायोगिक प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात सुमारे २,२०० पंपांचा समावेश होता. अशा प्रकल्पांपुढील मूळ प्रश्न यंत्राचा नसतो. ज्याचे बिल बदलणार नाही, त्याने अधिक किमतीचा पंप का घ्यावा? शिवाय दाब कमी-जास्त होणाऱ्या वाहिनीवर मोटर जळते. म्हणून शेतकरी दणकट आणि पुन्हा गुंडाळून घेता येईल अशी मोटर पसंत करतो. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून तो ऑटो बसवतो आणि वीज येताच पंप आपोआप चालू होऊन गरज नसतानाही चालत राहतो. शेतकऱ्याचे हे वागणे अज्ञानाचे नसून परिस्थितीला सुसंगत आहे. परिस्थिती तशीच ठेवून केवळ यंत्र बदलल्याने कार्यक्षमता येत नाही.

५. स्थैर्याचा प्रश्न

येथे एक आक्षेप संभवतो. उताराचे पाणी इतके श्रेष्ठ असेल, तर तंजावरच्या शेतकऱ्याने पंप बसवलाच कशाला? याचे उत्तर नदीच्या अनिश्चिततेत आहे. १८९२ आणि १९२४ चे करार, १९९० मध्ये नेमलेला लवाद, त्याचा २००७ चा निवाडा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय, असा कावेरीच्या पाणीवाटपाचा दीर्घ इतिहास आहे. २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडता आले नाहीत. २०२० मध्ये ती तारीख पुन्हा साधली. अशा वर्षांत ज्याच्याकडे कूपनलिका होती, त्याची कुरुवै लागली. पंप हा त्याच्या लेखी विमा होता. परंतु त्याच काळात, २०१२ च्या सुमारास, तामिळनाडूत चेन्नईबाहेर दीर्घ वीजकपात चालू होती. नदीची अनिश्चितता टाळण्यासाठी घेतलेला आधार विजेच्या अनिश्चिततेत अडकला. विमा तेव्हाच विश्वासाचा ठरतो, जेव्हा तो थोड्या विजेत चालतो आणि वर्षभर न चालवता गरजेच्या वेळी चालवला जातो.

देशाच्या पातळीवर हाच न्याय लागू पडतो. १९९०–९१ मध्ये आखाती संघर्षामुळे तेल महागले आणि भारतापुढील परकीय चलनाचा पेच अधिकच गंभीर झाला. त्या पेचाची कारणे अनेक होती; तरी आयात इंधनावरचे अवलंबन हा त्यातील एक दुबळा दुवा होता, यात शंका नाही. कार्यक्षमतेमुळे अर्थव्यवस्थेला तीन प्रकारे स्थैर्य मिळते. इंधनाच्या किमतीतील धक्का सौम्य होतो. नव्या वीजकेंद्रांत गुंतणारे भांडवल शाळा, रस्ते, उद्योग यांसाठी मोकळे होते. आणि मागणीचा कळस उतरल्याने पुरवठा अधिक भरवशाचा होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी यांनी ऊर्जेच्या खपाऐवजी तिच्यापासून मिळणाऱ्या सेवेचा, म्हणजे उजेड, शिजलेले अन्न आणि शेतात पोहोचलेले पाणी यांचा विचार करावा, असा आग्रह धरला होता. त्यांनी तीन सहलेखकांसह १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ याच भूमिकेवर उभा आहे. या दृष्टीने पाहता, उताराने शेतात गेलेले पाणी आणि हजार युनिट जाळून आणलेले पाणी यांची सेवा एकच. दुसऱ्या बाबतीत राष्ट्रीय खपाचा आकडा तेवढा मोठा दिसतो.

भारतात २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००२ मध्ये स्थापन झालेले ऊर्जा कार्यक्षमता कार्यालय, २००६ पासूनची उपकरणांवरील तारांकित पट्टी आणि २०१५ पासूनचा एलईडी दिव्यांचा प्रसार ही या मार्गावरील पावले आहेत. दिव्यांच्या बाबतीत यश लवकर आले, कारण घरोघरी मीटर होते आणि लाभ बिलावर उमटला. शेतीपंपांच्या बाबतीत ते आले नाही. त्यामागचे कारण वर आलेच आहे.

कार्यक्षमतेचा प्रश्न तंजावरच्या जमिनीशी आणखी एका प्रकारे जोडलेला आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाखाली तेल आणि वायू आहे. कोळशाच्या थरांतील मिथेन आणि अन्य हायड्रोकार्बन काढण्याच्या योजनांना येथील शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. २०२० मध्ये तामिळनाडू विधिमंडळाने या प्रदेशाला संरक्षित विशेष कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा केला आणि नव्या उत्खननाला आळा घातला. हा कायदा भाताच्या रक्षणासाठी आहे. परंतु खालचा वायू नको आणि वरचा पंपही न मोजता चालावा, या दोन गोष्टी फार काळ एकत्र नांदणार नाहीत. जी ऊर्जा वाचवली जात नाही, ती कोणाच्या ना कोणाच्या जमिनीतून काढावीच लागते.

सौर पंपांच्या वाढत्या प्रसाराने हा प्रश्न सुटेल, अशी आशा व्यक्त होते. सौर पंपामुळे कोळसा वाचेल आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळेल, हे लाभ खरे आहेत. तथापि एकदा बसवल्यावर त्याचा चालवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असल्यामुळे, पाण्याचे माप नसेल तर उपसा वाढण्याची शक्यताही तेवढीच खरी आहे. उताराच्या पाण्याप्रमाणेच सूर्याची ऊर्जाही फुकट आहे. पण उताराचे पाणी नदीतून येत होते आणि हे पाणी साठ्यातून येणार आहे.

६. समारोप

तिरुवैयारुच्या उदाहरणातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, सर्वांत कार्यक्षम यंत्र म्हणजे ज्याची गरजच पडू दिली नाही असे यंत्र; म्हणून कालव्यातील गाळ काढणे हे ऊर्जाधोरणाचे काम आहे, केवळ पाटबंधारे खात्याचे नाही. २०१६–१७ पासून तामिळनाडूत कुडिमरामत्तुचे शासकीय पुनरुज्जीवन झाले; त्याचे मूल्यमापन वाचलेल्या युनिटांतही व्हावे. दुसरा, सवलत आणि मोजमाप यांची फारकत करण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला ठरावीक विजेची रक्कम हाती देऊन मीटर बसवला, तर वाचलेले युनिट त्याचे उत्पन्न होईल. तिसरा, यंत्राच्या कार्यक्षमतेला साठ्याच्या मर्यादेची जोड नसेल, तर ती वाढीचा वेग वाढवील, स्थैर्य देणार नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना या प्रश्नात एक स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे. श्रमगीते, म्हणी आणि मोडी दप्तरे यांत पाण्याचे, धान्याचे व श्रमाचे माप कसे राखले गेले, याची तमिळ, तेलुगू आणि मराठी सामग्री एकत्र ठेवून तपासणी व्हावयास हवी. वसूल, बाकी हे हिशेबी शब्द आजही तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषांत चालतात. हिशेबाची ती सामायिक परंपरा पंपाच्या कळीपाशी येऊन थांबली आहे. ती पुढे नेताना नदीत टाकणेही मोजून करायला सांगणारी म्हण अर्थतज्ज्ञालाही उपयोगी पडेल.